‘दुसरीकडे स्वस्त दाखवा, फरक घेऊन जा’ : या पाटीमागचा हिशेब

‘हीच वस्तू दुसऱ्या दुकानात कमी भावात दाखवा, आम्ही त्याच भावात देऊ.’ अमेरिकेतील टी.व्ही., कॅमेरे, कॉम्प्युटर विकणाऱ्या मोठमोठ्या दुकानांनी ही जाहिरात गेली चाळीसएक वर्षे चालवली आहे. तिकडे तिला ‘प्राइस मॅच’ म्हणतात. आपण भावजुळणी म्हणू. आपली मुले, भाचे, पुतणे न्यू जर्सीत, शिकागोत, टोरांटोत आणि आखातात नोकरीधंद्याला आहेत. त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. पाटी मोठी असते, पण काउंटरवर गेले की भाव मिळत नाही. कधी मॉडेल वेगळे निघते, कधी मॅनेजर जेवायला गेलेला असतो, कधी ‘त्यांच्याकडे आज माल शिल्लक नाही’ असे उत्तर येते. तास-दीड तास उभे राहून माणूस कंटाळतो आणि पूर्ण भाव मोजून बाहेर पडतो.

आता आपल्या शहरांतील मोठ्या शोरूममध्येही ‘ऑनलाइनचा भाव इथेच मिळेल’ असे फलक दिसू लागले आहेत. सबब ही पाटी का लावतात, तिच्यात कोणाचा फायदा असतो आणि गिऱ्हाइकाला तिचा उपयोग कसा करून घेता येईल, हे समजून घेणे गरजेचे झाले आहे. प्रस्तुत लेखक कापडाच्या धंद्यातला आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या नव्हे. पण भाव हा भावच असतो, मग तो मीटरचा असो की नगाचा.

पाटीचा जन्म

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९७१ साली एडी अंतार या तरुणाच्या घराण्याने सुरू केलेला धंदा पुढे ‘क्रेझी एडी’ या नावाने प्रसिद्ध झाला. टी.व्ही.वर एक निवेदक हातवारे करीत ओरडायचा की एडीचे भाव वेडेपणाचे आहेत, त्याच्यापेक्षा स्वस्त कोणी देऊच शकणार नाही. कोणीही कमी भाव दाखवला तर आम्ही तोडू, ही त्यांची जबान होती. गर्दी लोटली. १९८४ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि चढले.

हा भाव त्यांना परवडत कसा होता? पुढे चौकशीत उघड झाले की रोखीची बरीच विक्री वर्षानुवर्षे वहीत चढतच नव्हती. गिऱ्हाइकाकडून घेतलेला विक्रीकर सरकारात भरला जात नव्हता. नंतर शेअर विकायचे ठरल्यावर उलटा खेळ झाला. नफा फुगलेला दिसावा म्हणून दडवलेली रोकड परत आणून विक्रीत दाखवली आणि गोदामातला मालही कागदावर वाढवला. अंतार देश सोडून पळाला, १९९२ मध्ये इस्रायलमध्ये पकडला गेला आणि १९९६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. एखादा दुकानदार बाजारभावापेक्षा सतत खाली विकतो तेव्हा तो फरक कुठून भरून काढतो, हा प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. आपल्या कापड बाजारातही वायद्यावर माल उचलून पडत्या भावात रोखीने फुंकणारे अधूनमधून येतात. त्यांचे पुढे काय होते ते जुन्या पेढ्यांना माहीत आहे.

त्याच शहरात न्यूमार्क अँड लुईस ही दुसरी साखळी होती. तिने एडीच्या वरताण जाहिरात केली. आमच्याकडे घेतलेली वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाली तर फरकाच्या दुप्पट रक्कम परत! वाचणाऱ्याला वाटेल की दोन दुकानांचे हे घनघोर युद्ध आहे आणि मजा गिऱ्हाइकाची आहे. येथेच खरा धडा सुरू होतो.

युद्ध की समेट?

अविनाश दीक्षित हे अर्थशास्त्रज्ञ १९४४ मध्ये मुंबईत जन्मले. ते येथील सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले आणि पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांनी बॅरी नेलबफ यांच्यासह १९९१ मध्ये डावपेचांच्या शास्त्रावर सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यात याच दोन दुकानांचे उदाहरण आहे. त्यांचे म्हणणे असे की भावजुळणीची पाटी वरवर गिऱ्हाइकासाठी असली तरी तिचा खरा वाचक समोरचा दुकानदार असतो. स्टीव्हन सॅलप या अर्थशास्त्रज्ञानेही १९८६ मध्ये हाच मुद्दा मांडला होता.

मी आपल्या पद्धतीने आकडे घालून दाखवतो. समजा एका गावात अ आणि ब अशी दोन दुकाने आहेत. एक टी.व्ही. दोघांनाही ४०० डॉलरला पडतो आणि दोघेही ६०० ला विकतात. प्रत्येकाचे महिन्याला १०० नग जातात, म्हणजे नफा २०,००० डॉलर. अ च्या मनात येते की भाव ५५० करावा. नगामागे १५० च सुटतील, पण ब ची गिऱ्हाइके वळली आणि १६० नग गेले तर नफा २४,००० होईल. सौदा फायद्याचा आहे.

आता ब ने दारावर पाटी लावली : ‘दुसरीकडे कमी भाव दिसला तर फरक अधिक फरकाच्या १० टक्के परत.’ अमेरिकेतील सर्किट सिटी ही साखळी असेच ११० टक्के देत असे. अ ने ५५० केले की ब ची गिऱ्हाइके अ ची जाहिरात कापून ब कडेच नेतात. ५० चा फरक, त्यावर ५, असे ५५ परत घेऊन त्यांना टी.व्ही. ५४५ ला पडतो. मग ती अ कडे का जातील? अ चे नग १०० चे १०० च राहिले, नफा मात्र २०,००० वरून १५,००० वर आला. शहाणा अ भाव उतरवणारच नाही. दोघेही ६०० वर स्वस्थ बसतात. एकमेकांना भेटले नाहीत, चहा घेतला नाही, कागद केला नाही, तरी समेट झाला. शिवाय पहारेकरी फुकट मिळाला. समोरच्याने भाव तोडला की त्याची पावती गिऱ्हाईकच आणून दाखवते. ही खबर आणण्यासाठी आमच्या बाजारात दलालाला दलाली द्यावी लागते!

हा सगळा हिशेब प्रत्येक गिऱ्हाईक जागरूक आहे असे धरून केला. वास्तवात तसे नसते, आणि म्हणूनच पाटीचा दुसरा उपयोग होतो. समजा अ ने ५५० केलेच. ब कडे आलेल्या १०० जणांपैकी फक्त १० जणांना ते माहीत आहे आणि तेच भांडून ५४५ घेतात. उरलेले ९० जण मुकाट ६०० देतात. ब च्या गल्ल्यात ५४,००० आणि ५,४५० असे ५९,४५० डॉलर येतात. त्याने सरळ सर्वांना ५५० चा भाव लावला असता तर ५५,००० च आले असते. म्हणजे पाटीमुळे ४,४५० जास्त मिळाले. पण १०० पैकी १०० जणांनी फरक मागितला तर ५४,५०० च हाती येतील. तेव्हा मागणाऱ्यांची संख्या कमी राहण्यातच दुकानाचे हित आहे. पाटी ठळक असावी, पण वाट बिकट असावी. काउंटरवरचा तो दीड तास काही नोकराच्या आळसामुळे लागत नाही. तो या हिशेबातून येतो.

सर्वच अर्थशास्त्रज्ञ हे मान्य करतात असे नाही. काहींचे म्हणणे आहे की ज्याची खरेदी खरोखर स्वस्त आहे तोच अशी पाटी निर्भयपणे लावू शकतो, त्यामुळे ती स्वस्त दुकानाची खूणही असते. यातही तथ्य आहे. माझे मत असे की, पाटी कोणी लावली यापेक्षा तिच्याखालची बारीक अक्षरे किती ओळींची आहेत हे मोजावे.

मॉडेल नंबरची जादू

बारीक अक्षरांतली पहिली अट असते : वस्तू ‘तंतोतंत तीच’ हवी. ब्रँड तोच, मॉडेल नंबर तोच, रंगसुद्धा तोच. अट वाजवी वाटते. पण कारखानदार एकाच टी.व्ही.चे निरनिराळ्या साखळ्यांसाठी निरनिराळे नंबर काढतात. कुठे एखादे जोडणीचे भोक कमी, कुठे रिमोट वेगळा, कुठे फक्त शेवटचे अक्षर वेगळे. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारी, ज्याला ते ब्लॅक फ्रायडे म्हणतात, सेलसाठी खास मॉडेल येतात. ती त्या काळापुरती असतात. दुसऱ्या दुकानात तो नंबरच नसतो, मग जुळवणार कशाशी? गाद्यांच्या धंद्यात तर ही कला फारच पुढे गेली आहे. एकच गादी चार दुकानांत चार नावांनी मिळते.

कापडवाल्याला यात नवल वाटणार नाही. मालेगाव-भिवंडीत एकाच मागावरचे कापड, तेच सूत, तोच पन्हा, तीन व्यापाऱ्यांच्या तीन छापांखाली जाते. उलटही घडते. छाप तोच राहतो आणि आतले चार पीक कमी होतात. फरक एवढाच की कापड बोटांत धरून ओळखता येते, पीक मोजायचे भिंग खिशात असते. टी.व्ही.चे झाकण कोण उघडून पाहणार? म्हणून तेथे गिऱ्हाइकाला नंबरावरच अवलंबून राहावे लागते आणि नंबर कारखानदाराच्या हातात असतो. आपल्याकडेही कित्येक कंपन्या ‘फक्त ऑनलाइन’ विकण्याची मॉडेल वेगळी ठेवतात. शोरूमवाला म्हणतो, ‘साहेब, तो माल वेगळा’, तेव्हा तो नेहमी खोटे बोलत असतो असे समजू नये.

दुसऱ्या अटी झटकन सांगतो. समोरच्या दुकानात माल त्या क्षणी शिल्लक हवा. दुकान ठराविक मैलांच्या आत हवे. उघडलेल्या खोक्याचा, मोडीत काढलेला, मर्यादित नगांचा माल चालत नाही. ऑनलाइन बाजारात कंपनीऐवजी तिऱ्हाईत विक्रेता विकत असेल तर तो भाव धरत नाहीत. आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, म्हणजे जेव्हा भाव सर्वांत जास्त तुटतात नेमके तेव्हा, भावजुळणी बहुधा बंद असते.

एके काळी यात टपालाने परत मिळणाऱ्या सुटीची भर असे. फलकावर ९९ डॉलर, बिल १४९ चे, आणि ५० डॉलरसाठी खोक्यावरचा पट्टा कापून, अर्ज भरून पाठवायचा. मग चेकची वाट पाहायची. अनेक जण अर्जच पाठवत नसत. समोरचा दुकानदार विचारी, जुळवू तो भाव ९९ चा की १४९ चा? लोक इतके वैतागले की बेस्ट बाय या सर्वांत मोठ्या साखळीने २००५ मध्ये ही पद्धत दोन वर्षांत बंद करू असे जाहीर केले.

दोन पडदे, दोन भाव

बेस्ट बायचेच आणखी एक प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. २००७ च्या सुरुवातीला कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड शहराच्या दैनिकात ग्राहकांच्या स्तंभात एक तक्रार आली. माणसाने घरी कंपनीच्या वेबसाइटवर लॅपटॉपचा सवलतीचा भाव पाहिला आणि तो दुकानात गेला. नोकराने तेथील संगणकावर वेबसाइट उघडून दाखवली तर भाव चढा! माणूस खजील होऊन म्हणतो, माझीच नजर चुकली असेल. तपासात निघाले ते असे की दुकानातील संगणकावर कंपनीची अंतर्गत साइट होती. ती दिसायला हुबेहूब बाहेरच्या वेबसाइटसारखी, पण तिच्यावर दुकानातले भाव होते. राज्याचे अॅटर्नी जनरल रिचर्ड ब्लुमेंथल यांनी मे २००७ मध्ये कंपनीवर खटला भरला. हेच ब्लुमेंथल २०११ पासून अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य आहेत. कंपनीचे म्हणणे होते की ही साइट गिऱ्हाइकांना फसवण्यासाठी नव्हती. पुढे २०१० मध्ये हे प्रकरण तडजोडीने मिटले.

येथे शिकण्यासारखी गोष्ट फसवणुकीपेक्षा साधी आहे. भावाचा पुरावा दुकानदाराच्या पडद्यावर पाहू नये. तो आपल्या खिशात असावा. आज प्रत्येकाच्या हातात फोन आहे. त्या वेळी नव्हता.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील वॉल स्ट्रीट जर्नलने एक बातमी दिली आणि मोठी चर्चा झाली. बेस्ट बायचे प्रमुख ब्रॅड अँडरसन यांनी गिऱ्हाइकांचे दोन वर्ग पाडले होते, ‘देवदूत’ आणि ‘सैतान’. नवा माल पूर्ण भावात घेणारा तो देवदूत. सैतान कोण? जो वस्तू घेतो, सुटीचा अर्ज भरतो, वस्तू परत करतो आणि तीच परत आलेली वस्तू पुन्हा कमी भावात उचलतो. जो कुठल्या तरी अनोळखी साइटवरचा पडका भाव आणून पाटीकडे बोट दाखवतो. कंपनीच्या मते अशा गिऱ्हाइकांमुळे नुकसान होत होते आणि त्यांना हळूहळू दूर ठेवावे असे धोरण होते. गिऱ्हाइकाला सैतान म्हणणे मला पटत नाही. पाटी तुम्हीच लावली, शब्द तुमचे, मग त्या शब्दांप्रमाणे मागणारा वाईट कसा? पण नवी साडी नेसून, लग्न उरकून, घडी मोडलेली परत आणणारी बाई ज्याच्या गादीवर आली आहे, त्याला अँडरसन यांचा त्रागा थोडासा समजेल.

नोकर कमी केले, दुकान गेले

आता सेवेकडे वळू. या सगळ्यात काउंटरवरचा पोरगा काय करतो? भाव जुळवून दिला की त्या वस्तूवरचा नफा जातो. तो दुसरीकडून काढायचा असतो. म्हणून लगेच तारा, आवरणे, आणि विशेषतः वाढीव वॉरंटी गळ्यात मारण्याचा प्रयत्न होतो. या साखळ्यांच्या नफ्याचा फार मोठा भाग टी.व्ही.पेक्षा वॉरंटीच्या कागदातून येत असे. भाव पाडून घेणारे गिऱ्हाईक सहसा वॉरंटी घेत नाही, सबब त्याच्याकडे पाहून नोकराचा चेहरा उतरतो.

सर्किट सिटीची कहाणी प्रत्येक दुकानदाराने वाचावी. सॅम्युअल वुर्टझेल यांनी १९४९ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड येथे हा धंदा सुरू केला. त्यांचे विक्रेते कमिशनवर होते, पण मालाचे जाणकार होते. प्रतिस्पर्धी बेस्ट बायने १९८९ मध्येच कमिशन बंद करून मोकळ्या मांडणीचे दुकान काढले. गिऱ्हाइकाला ते आवडले, कारण मागे लागणारा कोणी नव्हता. सर्किट सिटीने उशिरा, २००३ मध्ये, कमिशन बंद केले आणि सुमारे ३,९०० विक्रेते कमी केले. मग मार्च २००७ मध्ये आणखी ३,४०० जणांना काढले. कारण काय, तर त्यांचा पगार बाजाराच्या मानाने जास्त आहे! पाहिजे तर काही आठवड्यांनी कमी पगारावर पुन्हा अर्ज करा, असेही सांगितले. जास्त पगार कोणाचा असतो? जुन्या, जाणत्या माणसाचा. ज्याला एका नजरेत दोन मॉडेलमधला फरक सांगता येतो आणि भावजुळणीचा कागद दोन मिनिटांत भरता येतो, तोच गेला. राहिली नवखी पोरे, ज्यांना प्रत्येक गोष्ट मॅनेजरला विचारावी लागे.

केवळ यामुळेच दुकान बुडाले असे म्हणणे बरोबर नाही. जागांची चुकलेली निवड, वॉलमार्टची स्पर्धा, २००८ ची मंदी, सारे एकत्र आले. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जानेवारी २००९ मध्ये उरलेली ५६७ दुकाने बंद करण्याचे जाहीर झाले आणि सुमारे ३४,००० माणसे बेकार झाली. आमच्या धंद्यात गादीवरचा जुना माणूस, ज्याला गिऱ्हाइकाचे घराणे आणि आवड तोंडपाठ असते, तो दहा टक्के जास्त पगार घेत असला तरी महाग पडत नाही. पण वहीत पगार दिसतो, त्याने राखलेले गिऱ्हाईक दिसत नाही.

बेस्ट बाय मात्र वाचले. २०१२ च्या सुमारास लोक दुकानात येऊन वस्तू हाताळत आणि घरी जाऊन अॅमेझॉनवरून मागवत. त्या काळी अॅमेझॉन कित्येक राज्यांत विक्रीकर गोळा करीत नसे, त्यामुळे भावात तेवढा फरक आपोआपच पडे. सप्टेंबर २०१२ मध्ये ह्युबर्ट जोली प्रमुख झाले. मार्च २०१३ पासून कंपनीने अॅमेझॉनसह काही मोठ्या ऑनलाइन दुकानांचे भाव कायमचे जुळवायला सुरुवात केली. नोकरांचे शिक्षण पुन्हा सुरू केले. सॅमसंगसारख्या कंपन्यांना दुकानातच स्वतंत्र कोपरे दिले. अॅमेझॉनलाही राज्याराज्यांत कर गोळा करावा लागू लागला आणि २०१७ पर्यंत विक्रीकर असलेल्या सर्व राज्यांत तो सुरू झाला. येथे भावजुळणी डावपेच राहिली नाही. आलेले गिऱ्हाईक दारातून परत जाऊ नये, एवढाच तिचा हेतू होता. पाटी तीच, पण देण्याची नियत वेगळी.

इंग्लंडमधील जॉन लुईस या जुन्या दुकानाने १९२५ पासून ‘जाणूनबुजून कोणापेक्षाही महाग विकणार नाही’ हे वचन पाळले. तेथे गिऱ्हाइकाने मागण्याचीच वाट पाहत नसत. दुकानाची माणसे स्वतः बाजारात फिरून भाव आणत आणि आपले लेबल बदलत. मात्र फक्त ऑनलाइन विकणाऱ्यांना त्यात धरत नसत. ऑनलाइनचा जोर इतका वाढला की २०२२ मध्ये हे वचन मागे घेतले गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा आणले, आता २५ दुकानांचे भाव यंत्राच्या साहाय्याने पाहिले जातात आणि त्यांत ऑनलाइनवालेही आहेत.

आपल्याकडे काय करावे

आपल्याकडे खोक्यावर एम.आर.पी. असते. त्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण टी.व्ही., फ्रीज, वॉशिंग मशीनच्या बाबतीत तिचा भावाशी फारसा संबंध उरलेला नाही. ४०,००० ची छापील किंमत आणि २६,००० चा भाव, मग ‘३५ टक्के सूट’ असा फलक! ही सूट एम.आर.पी.वर मोजू नये, दुसऱ्या दुकानाच्या चालू भावाशी मोजावी. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टी.व्ही. आणि एअर कंडिशनरवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के झाला आहे. म्हणून त्याआधीचा कोणी जतन केलेला भाव तुलनेला घेऊ नये.

काही दिवसांपूर्वी एका मोठ्या शोरूममध्ये एका नातेवाइकाबरोबर वॉशिंग मशीन घ्यायला गेलो होतो. फलक होता, ‘ऑनलाइनचा भाव इथे’. फोनवर भाव दाखवला. विक्रेता म्हणाला, ‘यात बँकेच्या कार्डाची सूट धरलेली आहे.’ बरोबर होते, ती वजा केली. मग म्हणाला, ‘जुने मशीन देणार का? तो भाव जुन्याच्या बदल्यातला आहे.’ तसे नव्हते, त्याला ओळ वाचून दाखवली. मग मॅनेजर आले. ते म्हणाले, ‘चाचा, भाव देतो, पण तीन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्यावी लागेल.’ मी विचारले की ही अट फलकावर कुठे लिहिली आहे? ते हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते. पण सौदा झाला नाही आणि मशीन आम्ही कोपऱ्यावरच्या लहान दुकानातून घेतले. ते दोनशे रुपये महाग पडले. दुकानदाराने स्वतः येऊन नळी जोडून दिली.

यातून कृतीची गोष्ट अशी. घरून निघण्यापूर्वी मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्यावा. ऑनलाइन भावाचे छायाचित्र घेताना विक्रेत्याचे नाव आणि ‘माल शिल्लक आहे’ ही ओळ त्यात यावी. कार्डाची सूट, जुन्या वस्तूचा बदला, हप्त्याची सवलत हे तिन्ही वेगळे करून निव्वळ भाव काढावा. तोच आकडा बोलावा, त्यावर भांडण होत नाही. घरपोच, बसवणी, भिंतीचा स्टँड यांचे पैसे वेगळे आहेत का, ते भाव ठरण्याआधी विचारावे, नंतर नव्हे. शनिवार-रविवारी संध्याकाळी गेल्यास कोणीही धड बोलणार नाही. मंगळवारी-बुधवारी दुपारी मॅनेजर मोकळा असतो. आणि ‘बिल न घेतल्यास आणखी कमी करतो’ असे कोणी म्हटले तर तेथून उठावे. बिल नाही तर वॉरंटी नाही आणि तक्रारीला पायही नाही.

परदेशातील मुलांना सांगावे की तिकडे भावजुळणी बहुधा खरेदीनंतरही काही दिवस चालते. वस्तू परत करण्याची मुदत संपेपर्यंत त्याच दुकानाचा भाव उतरला तर अनेक ठिकाणी फरक देतात, फक्त मागावा लागतो. दुबईहून टी.व्ही. आणणाऱ्यांनी मात्र तिथला जुळवलेला भाव पाहून हुरळून जाऊ नये. आधी वॉरंटी भारतात चालते का, ते पाहावे.

फलक लावून भाव नाकारला तर काय? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याने १९८६ च्या कायद्याची जागा घेतली. किमतीबाबत लोकांची दिशाभूल करणे, बिल न देणे, तसेच सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे, या गोष्टी त्यात अनुचित व्यापार प्रथा म्हणून मोडतात. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असला तरी सदोष मालाच्या बाबतीत तो दुकानदाराला वाचवत नाही. आधी दुकानाला लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, वकील हवाच असेही नाही, अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. मुदत दोन वर्षांची आहे. सोबत बिल, फोनवरचे छायाचित्र आणि दुकानातील त्या फलकाचा फोटो जोडावा. फलकाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा, कारण तक्रार गेल्यावर सर्वांत आधी तोच उतरवला जातो.